एमजीबी तापते तेव्हा : जुन्या स्पोर्ट्स कारच्या कूलंटचे तापमान आवाक्यात कसे ठेवावे

एमजीबी ही गाडी १९६२ ते १९८० या काळात इंग्लंडमधील अ‍ॅबिंग्डनच्या कारखान्यात तयार होत असे. त्या भागात ऐन जुलैतही दुपारचे तापमान बावीस-तेवीस अंशांच्या आसपासच असते. तीच गाडी एप्रिलच्या दुपारी पुण्यातल्या किंवा नागपुरातल्या सिग्नलला उभी राहिली की भोवतालची हवा चाळीस-बेचाळीस अंशांची असते. रेडिएटर किती उष्णता बाहेर टाकू शकतो, हे त्यातले पाणी आणि बाहेरची हवा यांच्या तापमानातील फरकावर ठरते. पाणी ९० अंशांवर आणि हवा २० अंशांवर असेल तर हा फरक ७० अंशांचा. हवा ४२ अंशांवर गेली की तो ४८ अंशच उरतो. याचाच अर्थ, रेडिएटर नवाकोरा असला तरी त्याची ताकद जवळजवळ एक-तृतीयांशाने कमी होते. अमेरिकेच्या उष्ण प्रांतांत आणि ऑस्ट्रेलियातही ही गाडी विकायची असल्याने मूळ रचनेत तेवढी शिल्लक ठेवलेली होती. परंतु पन्नास-साठ वर्षांत साचलेला गाळ, चेपलेल्या जाळ्या, सैल पट्टा आणि मागे सरकलेले टायमिंग (प्लगमध्ये ठिणगी पडण्याची वेळ) यांनी ती शिल्लक थोडी थोडी करून खाल्लेली असते. ती परत मिळवणे हेच खरे काम आहे. बाजारातून मोठा पंखा किंवा अ‍ॅल्युमिनियमचा रेडिएटर आणून बसवणे हा त्यानंतरचा, आणि बहुतेक वेळा अनावश्यक, उपाय आहे.

आपल्याकडच्या मालकाला एक सोय मात्र आहे. एमजीबीचे १७९८ सीसीचे इंजिन बीएमसीच्या (ब्रिटिश मोटर कॉर्पोरेशनच्या) बी-सीरिज घराण्यातले, आणि अ‍ॅम्बॅसिडरमध्ये वर्षानुवर्षे बसवले गेलेले १४८९ सीसीचे पेट्रोल इंजिनही त्याच घराण्यातले. त्यामुळे अ‍ॅम्बॅसिडरवर हात बसलेल्या जुन्या मिस्त्रीला या इंजिनात परके असे काही दिसत नाही: बिडाचा ब्लॉक, बिडाचेच हेड, पुढे पट्ट्यावर फिरणारा वॉटर पंप, एका बाजूला दोन्ही मॅनिफोल्ड आणि दुसऱ्या बाजूला डिस्ट्रिब्युटर. सुटे भाग मात्र सारखे दिसतात म्हणून एकाचे दुसऱ्याला बसवू नयेत. भाग क्रमांक जुळवूनच घ्यावेत.

किती तापमान योग्य?

थर्मोस्टॅट म्हणजे पाणी ठरावीक तापमानाला पोचले की रेडिएटरकडची वाट उघडणारी झडप. एमजीबीसाठी कारखान्याने तीन थर्मोस्टॅट सांगितले होते: नेहमीच्या वापरासाठी ८२ अंशांचा, उष्ण देशांसाठी ७४ अंशांचा आणि थंड देशांसाठी ८८ अंशांचा. या आकड्यांवरून पुष्कळांचा असा समज होतो की ७४ अंशांचा थर्मोस्टॅट बसवला की गाडी ७४ अंशांवर चालेल. तसे होत नाही. थर्मोस्टॅट फक्त किमान तापमान ठरवतो. तो पूर्ण उघडल्यानंतर पुढे काटा कुठे जाईल हे रेडिएटर, हवा आणि इंजिनावरचा भार यांच्या हाती असते. रेडिएटर अर्धा बुजलेला असेल तर ७४ अंशांच्या थर्मोस्टॅटची गाडीही त्याच ठिकाणी जाऊन उकळेल, फक्त दोन-चार मिनिटे उशिरा.

मोकळ्या रस्त्यावर ८२ ते ९० अंश आणि गर्दीत किंवा चढावर ९५ ते १०० अंश हे या इंजिनाचे निरोगी तापमान आहे. शंभर म्हणजे उकळले, अशी भीती बाळगण्याचे कारण नाही, कारण यंत्रणा दाबाखाली असते. रेडिएटरच्या कॅपवरील (दर चौरस इंचाला) प्रत्येक पौंड दाबामागे उत्कलनबिंदू साधारण दीड अंशाने वर जातो, त्यामुळे १० पौंडांची कॅप नीट बसलेली असेल तर साधे पाणीही ११५ अंशांच्या आसपास उकळते. महाबळेश्वरसारख्या साडेतेराशे मीटर उंचीच्या ठिकाणी उघड्या भांड्यातले पाणी ९५-९६ अंशांनाच उकळू लागते, आणि कॅपचा दाब त्यावर मोजायचा असतो. म्हणून घाटमाथ्यावर पोचताना हाताशी असलेली शिल्लक पायथ्यापेक्षा काही अंशांनी कमी असते, हे लक्षात ठेवावे.

आपल्याकडे गाडी तापू लागली की पहिला सल्ला ‘थर्मोस्टॅट काढून टाका’ हाच मिळतो. तो मानू नये. थर्मोस्टॅट काढल्यावर हिवाळ्याच्या सकाळी इंजिन तासभर चालूनही पुरते तापत नाही, पेट्रोल आणि ओलावा ऑइलमध्ये उतरतो आणि सिलिंडरची झीज वाढते. शिवाय थर्मोस्टॅटच्या अटकावामुळे पंपापुढे, म्हणजे ब्लॉक आणि हेडमध्ये, जो थोडा जादा दाब राहतो, तोही जातो. आणि हेडच्या सर्वांत तापणाऱ्या भागात पाण्याचे बुडबुडे होऊ न देण्यासाठी तो दाब उपयोगी असतो. महाराष्ट्रात बारा महिने वापरायच्या गाडीसाठी माझी पसंती ८२ अंशांच्या थर्मोस्टॅटला आहे. ज्याची गाडी मुख्यतः विदर्भ-मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात धावते, त्याने ७४ अंशांचा बसवण्यास हरकत नाही.

काटा खरा बोलतो का?

काही गाड्यांत तापमानाचा काटा बारीक पोकळ नळीवर चालतो. ही नळी हेडमधल्या फुग्यापासून डॅशबोर्डपर्यंत एकसंध असते आणि ती मोडली की पूर्ण मीटरच निकामी होतो. म्हणून हेड काढताना आधी हा फुगा हलक्या हाताने सोडवावा आणि नळीला पीळ पडू देऊ नये. इतर गाड्यांतला काटा विजेवर चालतो, त्यावर आकडे नसून केवळ सी, एन, एच (थंड, नेहमीचे, गरम) अशी अक्षरे असतात, आणि त्याला डॅशबोर्डमागचा व्होल्टेज स्टॅबिलायझर सरासरी १० व्होल्ट पुरवतो. या स्टॅबिलायझरची बॉडीशी असलेली अर्थिंगची जोडणी तुटली किंवा गंजली की मीटरला बॅटरीचा पूर्ण दाब मिळतो आणि काटा एचकडे झुकतो. ओळखण्याची खूण सोपी आहे: पेट्रोलचा काटाही त्याच स्टॅबिलायझरवर असल्याने तोही खोटा वर दाखवू लागतो. टाकी अर्धी असताना मीटर पाऊण दाखवत असेल आणि त्याच वेळी इंजिनही ‘तापत’ असेल, तर रेडिएटरला हात लावण्याआधी स्टॅबिलायझरचा स्क्रू काढून त्याखालची जागा घासून स्वच्छ करावी.

पडताळणीसाठी बंदुकीच्या आकाराचा इन्फ्रारेड थर्मामीटर घ्यावा. चकचकीत धातूवर तो प्रत्यक्षापेक्षा कमी आकडा दाखवतो, म्हणून थर्मोस्टॅटच्या झाकणावर, रेडिएटरच्या वरच्या टाकीवर आणि खालच्या टाकीवर काळ्या रंगाचा छोटा ठिपका देऊन तिथेच मोजावे. गरम इंजिन थोड्या वाढीव वेगावर चालू ठेवून जाळीवरून थर्मामीटर आडवा फिरवला की तापमान वरून खाली हळूहळू उतरताना दिसले पाहिजे. मध्येच एखादा उभा पट्टा शेजारच्यापेक्षा ठळकपणे थंड लागला तर तिथल्या नळ्यांतून पाणी वाहत नाही, म्हणजे त्या बुजलेल्या आहेत.

तापते केव्हा, ते आधी लिहून काढा

माझ्या मते दुरुस्तीतला सर्वांत मोलाचा भाग हाच आहे आणि त्याला पाना लागत नाही. गाडी नेमकी कोणत्या वेळी तापते यावरून दोष कुठे शोधायचा हे बहुतांशी ठरते. सिग्नलला उभी असताना काटा चढतो आणि वेग घेतला की उतरतो, तर हवा कमी पडते आहे: पंखा, पट्टा, जाळीतला कचरा किंवा रेडिएटरभोवतीच्या फटी. उभी असताना ठीक, पण ताशी ८०-९० किलोमीटरच्या एकसारख्या वेगात काटा हळूहळू वर सरकतो, तर हवा भरपूर असूनही पाणी उष्णता सोडू शकत नाही: नळ्या बुजल्या आहेत, थर्मोस्टॅट अर्धवट उघडतो आहे, किंवा मिश्रण आणि टायमिंग चुकल्याने इंजिनच जास्त उष्णता निर्माण करते आहे. फक्त चढावर तापते, तर आधी टायमिंग पाहावे. थंड इंजिन सुरू केल्यावर काही मिनिटांतच काटा झपाट्याने चढतो, तर पाण्याची पातळी, अडकलेली हवा किंवा हेड गॅस्केट (हेड आणि ब्लॉक यांच्यामधले सील). आणि गाडी बंद केल्यावर काटा पाच-दहा अंश वर जातो, तर तो दोष नव्हेच. पंप थांबल्यावर बिडात साठलेली उष्णता पाण्यात उतरते, एवढेच.

हवेची वाट

रेडिएटरच्या पुढे ऑइल कूलर असेल तर दोघांच्या मधल्या फटीत किडे, पाने आणि कागदाचे कपटे अडकतात, आणि पुढून पाहिले तर ते दिसत नाहीत. ऑइल कूलर सोडवून पुढे ओढावा आणि पाण्याचा हलका फवारा इंजिनाच्या बाजूने पुढच्या दिशेला मारावा. जोरदार दाबाचे पाणी मारल्यास जाळीचे पातळ पंख आडवे होतात; मग कचरा परवडला असे म्हणण्याची पाळी येते. रेडिएटरच्या कडेला आणि वर मूळची फोमची पट्टी असते. ती बहुतेक गाड्यांत कधीच गळून पडलेली असते आणि हवा जाळीतून जाण्याऐवजी कडेच्या फटींतून निसटते. दार-खिडक्यांना लावण्याची फोमची पट्टी आणून ही फट बुजवणे हे शंभर-दोनशे रुपयांचे काम असून त्याचा गुण मोठ्या पंख्याहून अधिक येतो, असे मी ठामपणे सांगेन. जाळीपुढे हौसेने लावलेले जादा दिवे, क्लबांचे बिल्ले आणि मोठी नंबर प्लेट यांचाही हिशेब करावा.

पंखा उलटा बसवला गेला असेल तरी तो हवा मागेच ओढतो, पण निम्म्या जोमाने, म्हणून ही चूक वर्षानुवर्षे ध्यानात येत नाही. पात्यांचा बाक तपासावा. पट्टा त्याच्या सर्वांत लांब भागावर अंगठ्याने दाबला असता साधारण १३ मिलिमीटर खाली जावा. याहून सैल पट्टा घसरतो, आणि फार ताणलेला पट्टा पंपाचे बेअरिंग खातो. पंपाच्या खालच्या बारीक भोकातून पाण्याचे थेंब येत असतील तर आतले सील गेले आहे. ते भोक एम-सीलने बुजवण्याचा पराक्रम मी पाहिलेला आहे. त्यानंतर ते पाणी बेअरिंगमध्ये जाते.

विजेचा पंखा बसवायचाच असेल तर दोन गोष्टी ध्यानात घ्याव्यात. १९६७ च्या अखेरपर्यंतच्या गाड्यांत डायनॅमो आहे, त्याची कमाल क्षमता २२ अँपिअर, आणि इंजिन मंद चालत असताना, म्हणजे पंख्याची गरज सर्वांत जास्त असते तेव्हाच, तो जवळजवळ काहीच देत नाही. दुसरे असे की त्याच गाड्यांत बॅटरीचे धन टोक बॉडीला जोडलेले असते. पंख्याच्या तारा रंग पाहून नेहमीप्रमाणे जोडल्या तर मोटर उलटी फिरते आणि समोरून येणाऱ्या वाऱ्याच्या विरुद्ध हवा ढकलते. जोडल्यावर जाळीसमोर कागद धरून तो चिकटतो की उडतो, एवढे पाहून घ्यावे.

गाळ काढणे

या इंजिनातला गाळ ब्लॉकच्या मागच्या टोकाला, चौथ्या सिलिंडरभोवती तळाशी बसतो, कारण पाणी पुढून येते आणि मागे त्याचा वेग मंदावतो. रेडिएटर रिकामा केला म्हणजे पाणी बदलले असे समजणाऱ्या गॅरेजांत हा गाळ कधीच निघत नाही. ब्लॉकच्या उजव्या बाजूला, डिस्ट्रिब्युटरच्या अंगाला पण मागे, पाणी काढण्याची एक छोटी तोटी असते. ती उघडल्यावर बहुधा एक थेंबही येत नाही, आणि मालक समाधानाने ती पुन्हा बंद करतो. तसे न करता तोटी पूर्ण काढावी आणि भोकात ताठ तार घालून फिरवावी. आधी तार कशात तरी रुतते, मग विटकरी रंगाचा घट्ट चिखल तारेला लागून येतो, आणि थोड्या वेळाने एकाएकी तांबडे पाणी धार धरून वाहू लागते. ही धार स्वच्छ होईपर्यंत वरून नळीने पाणी सोडत राहावे.

मग थर्मोस्टॅट काढून, वरची आणि खालची होजपाइप सोडवून, बागेच्या नळीने पाणी उलट दिशेने सोडावे: रेडिएटरमध्ये खालच्या तोंडातून, इंजिनात वरून. क्षारांचा थर जाड असेल, आणि बोअरवेलचे पाणी वापरलेल्या गाडीत तो असतोच, तर किराणा दुकानात मिळणारे सायट्रिक अ‍ॅसिड, म्हणजे लिंबूसत्त्व, लिटरमागे ४० ते ५० ग्रॅम या प्रमाणात कोमट पाण्यात विरघळवून भरावे, इंजिन अर्धा-पाऊण तास मंद चालवावे आणि गार झाल्यावर सगळे काढून टाकावे. त्यानंतर खाण्याच्या सोड्याचे पातळ द्रावण एकदा फिरवून स्वच्छ पाण्याने दोन-तीनदा धुवावे. हे द्रावण रात्रभर आत ठेवू नये, आणि संडास साफ करण्याचे अ‍ॅसिड तर मुळीच वापरू नये. ते क्षारांइतक्याच आवडीने बीड आणि रेडिएटरचे डाख खाते. एक इशारा: जुना थर निघाल्यावर त्याने आजवर झाकलेली गळती उघडी पडू शकते. तो धुण्याचा दोष नव्हे.

एवढे करूनही जाळीवर थंड पट्टे उरले तर रेडिएटर काढून रेडिएटरवाल्याकडे न्यावा. पितळी टाकी उघडून नळ्यांतून सळई फिरवणारे आणि गरज पडल्यास तांब्याचा नवा कोअर बसवून देणारे कारागीर पुण्या-मुंबईत आणि बहुतेक जिल्ह्यांच्या ठिकाणी अजून आहेत, आणि ट्रॅक्टर-ट्रकच्या कामामुळे त्यांचा हात चालू आहे. आयात केलेल्या अ‍ॅल्युमिनियमच्या रेडिएटरपेक्षा हे काम स्वस्त पडते आणि मूळ टाक्या टिकतात.

थर्मोस्टॅट, कॅप आणि कूलंट

एमजीबीचा थर्मोस्टॅट हेडच्या पुढच्या टोकाला एका अ‍ॅल्युमिनियमच्या कोपराखाली असतो. हा कोपर तीन लोखंडी स्टडवर बसतो, आणि पन्नास वर्षांत त्या स्टडवर अ‍ॅल्युमिनियमचा पांढरा गंज घट्ट धरतो. नट सुटले तरी कोपर हलत नाही. इथे हातोडा चालवला की कोपर तुटतो किंवा स्टड हेडमध्येच मोडतो. आदल्या दिवशी सकाळ-संध्याकाळ स्टडच्या मुळाशी गंज सोडवणारे तेल सोडावे, दुसऱ्या दिवशी कोपर हीट गनने तापवावा आणि लाकडाच्या ठोकळ्यावरून आलटून पालटून दोन्ही अंगांनी हलके ठोके द्यावेत. अ‍ॅल्युमिनियम लोखंडापेक्षा जास्त प्रसरण पावत असल्याने पकड सुटते. बसवताना स्टडना कॉपर ग्रीस लावले तर पुढच्या वेळी ही कसरत करावी लागत नाही.

नवा थर्मोस्टॅटही न तपासता बसवू नये. भांड्यात पाणी घेऊन त्यात तो दोऱ्याने टांगावा, तळाला टेकू देऊ नये, शेजारी थर्मामीटर ठेवावा आणि पाणी तापवावे. ८२ अंशांचा थर्मोस्टॅट त्या सुमारास उघडू लागून आणखी दहा-बारा अंशांत पूर्ण उघडला पाहिजे. बसवताना मेणाची कुपी इंजिनाकडे, खाली, असावी. त्याच्या चकतीत हलणारी बारीक पिन नसेल तर ३ मिलिमीटरचे एक भोक पाडावे, म्हणजे भरताना आतली हवा वर निघून जाते.

कॅपबाबत निष्काळजीपणा फार आढळतो. सुरुवातीच्या एमजीबीला ७ पौंडांची आणि नंतरच्या बहुतेक गाड्यांना १० पौंडांची कॅप होती. पुढे हा दाब आणखी वाढवला गेला. आपल्या बाजारात कॅपवर किलोचा आकडा असतो: ०.५ म्हणजे सुमारे ७ पौंड, ०.७ म्हणजे १० पौंड, ०.९ म्हणजे जवळपास १३ पौंड. जुन्या रेडिएटरवर हौसेने १.१ ची कॅप लावली तर सर्वांत अशक्त डाख सुटतो किंवा हीटरचा कोअर पायांवर फुटतो. आकड्याइतकीच कॅपची खोलीही जुळली पाहिजे. आखूड कॅप वरून घट्ट फिरते, पण तिचे रबर आतल्या कडेला टेकतच नाही आणि दाब शून्य राहतो. कॅपच्या रबरावर कडेचा गोल ठसा उमटला आहे की नाही हे पाहिले की कळते.

पाणी डिस्टिल्डच घ्यावे. आपल्याकडे गोठण्याचा प्रश्न नसल्याने निम्मे कूलंट घालण्याचे कारण नाही. इथिलीन ग्लायकॉल जितके वाढवावे तितकी द्रवाची उष्णता वाहण्याची क्षमता कमी होते. एक भाग कूलंट आणि दोन भाग पाणी हे प्रमाण गंजरोधासाठी पुरेसे आहे. हीटरसह या गाडीत साधारण साडेपाच लिटर द्रव मावतो, म्हणजे मूळ कूलंट दोन लिटरांहून थोडे कमी लागते. दुकानांतल्या पुष्कळ बाटल्यांत कूलंट आधीच पातळ केलेले असते. लेबल वाचावे, नाहीतर गंजरोधक पुन्हा पातळ होऊन नावापुरता उरतो. बिडाचे इंजिन, पितळी रेडिएटर आणि शिशाचे डाख यांच्यासाठी जुन्या पद्धतीचे, सिलिकेट असलेले कूलंट घ्यावे आणि दर दोन वर्षांनी बदलावे. आधुनिक गाड्यांची पाच-पाच वर्षे टिकणारी सेंद्रिय आम्लांची कूलंट डाख आणि जुन्या रबरी सीलना मानवत नाहीत. रंगावर विश्वास ठेवू नये, कारण रंग कंपनीच्या मर्जीवर असतो.

भरताना गाडीचे तोंड चढाकडे ठेवावे, हीटरचा व्हॉल्व्ह उघडावा आणि वरची होजपाइप दाबत-सोडत सावकाश ओतावे. पातळी गळ्यापासून इंचभर खाली ठेवावी. कडेपर्यंत भरलेले पाणी प्रसरण पावून बाहेर पडणारच, आणि मग मालक ‘गाडी पाणी फेकते’ म्हणून रोज ते पुन्हा कडेपर्यंत भरत राहतो.

उष्णता निर्माणच कमी व्हावी म्हणून

टायमिंग मागे असेल तर मिश्रण उशिरापर्यंत जळत राहते आणि जी उष्णता पिस्टन ढकलण्यात खर्ची पडायची ती हेडमध्ये आणि एक्झॉस्टमध्ये जाते. बी-सीरिजच्या हेडमध्ये दुसऱ्या आणि तिसऱ्या सिलिंडरचे एक्झॉस्ट मधल्या एकाच वाटेने बाहेर पडते, त्यामुळे हा भाग आधीच सर्वांत तापलेला असतो आणि तडे बहुधा इथेच जातात. नॉकिंग बंद करण्यासाठी कुणीतरी केव्हातरी डिस्ट्रिब्युटर फिरवून ठेवलेला असतो. आपल्या इंजिन क्रमांकासाठी मॅन्युअलमध्ये दिलेल्या अंशांवर स्ट्रोब लाइटने टायमिंग आणावे. व्हॅक्यूम अ‍ॅडव्हान्सची (इंजिनाच्या ओढीने ठिणगी लवकर पाडणाऱ्या यंत्रणेची) नळी काढून तोंडाने ओढून पाहावी: आतली प्लेट हलली नाही तर पडदा फाटला आहे.

मिश्रणाचा मुद्दा आता अधिक महत्त्वाचा झाला आहे. पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला जळण्यासाठी सुमारे १४.७ भाग हवा लागते, तर या मिश्रणाला साधारण साडेतेरा. म्हणजे पूर्वी अचूक जुळवलेले एसयू बनावटीचे कार्ब्युरेटर आता पातळ (हवेच्या मानाने पेट्रोल कमी असलेले) मिश्रण देतात, आणि पातळ मिश्रणाने इंजिन अधिक तापते. जेटखालचा षटकोनी नट एका वेळी एकच पैलू खाली फिरवावा आणि कार्ब्युरेटरचा पिस्टन खालच्या पिनने जेमतेम मिलिमीटरभर उचलून पाहावा: इंजिनाचा वेग क्षणभर वाढून पूर्ववत झाला तर मिश्रण बरोबर, पडला तर पातळ, वाढूनच राहिला तर जाड. दोन्ही कार्ब्युरेटरवर सारखेच पैलू फिरवावेत.

गरम गाडी दहा-पंधरा मिनिटे थांबवून पुन्हा सुरू करताना ती फडफडते आणि काटा मात्र एनवरच असतो, तर तो कूलंटचा दोष नाही. कार्ब्युरेटर एक्झॉस्ट मॅनिफोल्डच्या अगदी वर असल्याने त्यांच्या वाटीतले पेट्रोल उकळलेले असते. तिथली उष्णतारोधक पत्र्याची ढाल आणि तिच्यामागचे अस्तर जागेवर आहे का, ते पाहावे.

या सगळ्यानंतरही पाणी घटत राहिले तर हेड गॅस्केटची शंका घ्यावी. थंड इंजिनाची कॅप काढून ते सुरू करावे आणि लगेच गळ्यात पाहावे. ठरावीक लयीत एकसारखे बुडबुडे येत राहिले तर जळलेला वायू पाण्यात शिरतो आहे. चार प्लगपैकी एखादाच धुतल्यासारखा स्वच्छ निघाला तर गळती त्या सिलिंडरात आहे.

रस्त्यावर

पंप आणि पट्ट्यावरचा पंखा दोन्ही इंजिनाच्या वेगावर फिरतात, म्हणून घाटात वरच्या गिअरमध्ये इंजिनाला कुंथायला लावू नये. बोरघाट किंवा खंबाटकी चढताना दुसऱ्या गिअरमध्ये ताशी ४० किलोमीटरच्या आसपास इंजिन सुमारे ३००० फेऱ्यांवर राहते आणि ते त्याला मानवते. काटा चढू लागला की हीटर पूर्ण उघडून त्याचा पंखा लावावा. मे महिन्यात ही शिक्षा वाटते खरी, पण हीटर म्हणजे दुसरा छोटा रेडिएटरच असतो आणि काटा बऱ्याचदा तेवढ्यानेच थांबतो. ज्यांनी ‘इथे काय कामाचा’ म्हणून हीटरची होजपाइप बंद केली आहे, त्यांनी ती पुन्हा जोडावी. वर पोचल्यावर वाफ किंवा गळती नसेल तर इंजिन एकदम बंद न करता दोन-तीन मिनिटे १२००-१५०० फेऱ्यांवर चालू द्यावे.

वाफ दिसली, किंवा काटा चढून एकाएकी खाली पडला, तर मात्र ताबडतोब थांबून इंजिन बंद करावे. काटा पडणे हे गार झाल्याचे लक्षण नसून पाणी संपल्याने सेन्सर कोरडा पडल्याचे असते. बॉनेट उघडून पाऊण तास वाट पाहावी. कॅपला हात लावू नये, आणि तापलेल्या ब्लॉकवर किंवा रेडिएटरवर पाणी ओतू नये. मदतीला थांबणारे लोक हेच आधी करू पाहतात, त्यांना नम्रपणे पण ठामपणे अडवावे. वरची होजपाइप हाताला सोसवेल इतकी निवाली की कॅपवर जाड फडके टाकून ती पाव वळसा सैल करावी, फुसफुस पूर्ण थांबू द्यावी आणि मगच काढावी. इंजिन मंद चालू ठेवून कोमट पाणी बारीक धारेने घालावे. कोमट पाणी नसेल तर बाटल्या थोडा वेळ बॉनेटखाली, इंजिनाच्या उबेत ठेवाव्यात. असे पाणी घातल्यावर कूलंटचे प्रमाण बिघडलेले असते आणि ते पाणी कोणत्या नळाचे होते हेही माहीत नसते, म्हणून घरी पोचल्यावर त्याच आठवड्यात सगळे काढून, ब्लॉकची तोटी उघडून, नव्याने भरावे.